झिको, शेवटची पाच मिनिटं आणि फातोर्डा

मांडवीकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी फोंड्याला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. शेजारी आमच्याच गल्लीतला, पूर्वी सेकंड डिव्हिजनला खेळलेला एक जण. बोलता बोलता तो म्हणाला, "झिको खेळाडू म्हणून देव, पण कोच म्हणून काय केलं त्यानं? आमच्या तोंडचा कप घालवला." तेव्हा मी काही बोललो नाही. पण घरी आल्यावर झोप येईना, म्हणून हा धागा.

२० डिसेंबर २०१५ ला मी फातोर्डाच्या स्टेडियममध्ये होतो. आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. आमचा कोच झिको, ब्राझीलचा एकेकाळचा दिग्गज खेळाडू. ८७व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक आत गेली आणि गोवा २-१ पुढे. माझ्या पुढच्या रांगेतला म्हातारा रडायला लागला होता. मग ९०व्या मिनिटाला चेंडू आमचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या हाताला लागून आमच्याच जाळ्यात गेला. त्याच रात्री त्यानं पेनल्टीसुद्धा अडवली होती, हे आज कुणाला आठवत नाही. पाठोपाठ भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल. ३-२. संपलं.

आता हे बघा. १२ जून २००६, कैझरस्लाऊटर्न, वर्ल्डकप. झिकोचा जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८४व्या मिनिटापर्यंत १-० पुढे होता आणि १-३ हरला. त्याहून मागे, ५ जुलै १९८२, बार्सिलोनाचं सारिया मैदान. ब्राझीलला इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. ६८व्या मिनिटाला फाल्काओनं २-२ केलं. त्यानंतरही ब्राझील पुढेच जात राहिला आणि ७४व्या मिनिटाला इटलीच्या रॉसीनं तिसरा मारला. त्या संघाचा दहा नंबर झिको होता.

तीन सामने, तेहतीस वर्षं, माणूस एकच. माझ्या मते हा योगायोग नाही, आणि याला अपयश म्हणून सोडून देणंही मला पटत नाही. या माणसाला खेळ बंद करणं कधी पटलंच नाही. खेळाडू असताना नाही, कोच झाल्यावरही नाही. त्याची किंमत त्यानं मोजली, आणि आम्ही गोंयकारांनीही मोजली. जाणकारांनी लिहावं.

---

रंकाळा

मांडवीकाठ, धागा जबरदस्त. आमच्या पेठेत वर्ल्डकप आला की अर्ध्या गल्लीवर पिवळे झेंडे आणि अर्ध्या गल्लीवर निळे-पांढरे. आमचं घर पिवळ्या बाजूचं. वडिलांनी भिंतीवर झिकोचा वर्तमानपत्रातला फोटो लावला होता, तो कागद पिवळा पडून गळेपर्यंत तिथंच होता.

पण एक गोष्ट सांगतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे (म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉल संघांचे) सामने बघत वाढलेला माणूस म्हणून सांगतो. एक गोलनं पुढे असताना शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कॉर्नरला नेऊन उभा राहणारा खेळाडू लोकांना आवडत नाही. शिट्ट्या पडतात. पण कप त्याच तालमीत जातो. कोचचं काम आवडण्याचं नाही, जिंकण्याचं आहे. खेळाडू म्हणून मुजरा, पण कोच म्हणून तुमचा पंगतीतला मित्र बरोबर वाटतो.

---

पहाटपहारा

१९८६ च्या वर्ल्डकपमधला ब्राझील-फ्रान्स सामना मी दूरदर्शनवर पाहिला आहे. ग्वादालाहारात भर दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. पुण्यात आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, तो ओसरीवर आणून ठेवला होता.

धाग्यात फक्त ८२ आलं म्हणून हे लिहितो. १९८५ च्या ऑगस्टमध्ये बांगू क्लबच्या एका बचावपटूनं झिकोच्या गुडघ्यावर पाय घातला. त्यानंतर तो गुडघा पूर्वीसारखा झाला नाही. मेक्सिकोत तो बदली खेळाडू म्हणूनच उतरत होता. फ्रान्सविरुद्ध १-१ असताना तो आला आणि जवळजवळ पहिल्याच पासवर त्यानं ब्रांकोला मोकळं केलं. गोलरक्षक बाट्सनं ब्रांकोला पाडलं. पेनल्टी. नुकताच मैदानात आलेला, अंगात ऊब नसलेला, दुखऱ्या गुडघ्याचा झिको ती मारायला उभा राहिला. बाट्सनं अडवली.

त्यानंतर काय झालं हे कुणी सांगत नाही. जादा वेळेनंतर शूटआऊट झालं तेव्हा तोच झिको पुन्हा त्याच ठिपक्यावर गेला, त्याच बाट्ससमोर, आणि गोल केला. सोक्रातेस हुकला, ज्युलिओ सेझार हुकला, तिकडे प्लाटिनीसुद्धा हुकला. ब्राझील बाहेर पडला. लोकांनी नाव झिकोचं लावलं. आमच्या वाड्यातही लावलं, मीसुद्धा लावलं. पंधरा वर्षांचा होतो. आज त्याचं वाईट वाटतं.

---

दहानंबरी

इथे बरेच जण नवीन दिसतात, म्हणून थोडी पार्श्वभूमी. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं.

नाव आर्तूर आंतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३, रिओच्या उत्तरेकडच्या किंतिनो या वस्तीत. वडील पोर्तुगालहून आलेले, शिंपीकाम करायचे. घरात भाऊच भाऊ आणि सगळे फुटबॉलवाले. थोरला एदू रिओच्याच अमेरिका नावाच्या क्लबचा नावाजलेला खेळाडू. आर्तूरचं लाडानं आर्तूरझिन्यो, मग आर्तूरझिको, शेवटी नुसतं झिको.

१९६७ मध्ये चौदाव्या वर्षी फ्लामेंगोत आला तेव्हा इतका किडकिडीत होता की क्लबनं त्याच्या अंगावर मांस चढवण्यासाठी वेगळा व्यायाम आणि आहार लावला. वर्षानुवर्षं. तिथून फ्लामेंगोसाठी ५०८ गोल. एकट्या रिओच्या माराकाना स्टेडियमवर ३३३. १९८१ मध्ये लिबर्तादोरेसच्या (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची मुख्य स्पर्धा) निर्णायक तिसऱ्या सामन्यात मोंतेव्हिदेओला चिलीच्या कोब्रेलोआवर दोन्ही गोल त्याचे, आणि डिसेंबरात टोकियोला लिव्हरपूल ३-० नं चीत. त्या सामन्यात त्यानं स्वतः गोल केला नाही. नुनेसचे दोन, आदिलिओचा एक. पण सगळी सूत्रं झिकोच्या पायात होती आणि सामनावीराची गाडी त्यालाच मिळाली. जपानशी त्याचं नातं तिथून सुरू होतं.

ब्राझीलसाठी ७१ अधिकृत सामने, ४८ गोल. मध्यफळीतल्या माणसासाठी हा आकडा अफाट आहे. १९७८ च्या वर्ल्डकपला स्वीडनविरुद्ध कॉर्नरवरून त्यानं हेडर मारला, चेंडू हवेत असताना पंच क्लाइव्ह थॉमसनं शिट्टी फुंकली. चेंडू जाळ्यात, गोल नाही, सामना १-१.

१९८३ ते ८५ इटलीत उदिनेझेकडे. हा करार अडकला तेव्हा उदिने गावातले लोक रस्त्यावर उतरले होते, "झिको द्या नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो" असे फलक घेऊन. पहिल्याच मोसमात १९ गोल. प्लाटिनीचे २०.

मध्ये ब्राझील सरकारात क्रीडा सचिवपदही सांभाळलं. १९९३ च्या क्रीडा कायद्याला तिकडे झिकोचा कायदा म्हणतात. क्लबांना कंपनी म्हणून उभं राहायची मुभा त्यात होती.

---

साइतामाकर

मी बारा वर्षं जपानात आहे, नोकरीनिमित्त. या धाग्यावर लिहिलंच पाहिजे.

भारतात झिको म्हटलं की ८२ आठवतं. इथे झिको म्हटलं की काशिमा. इबाराकी प्रांतातलं, पोलाद कारखान्याचं, समुद्राकाठचं छोटं गाव. सुमितोमो मेटल्स या कंपनीचा संघ, तोही दुसऱ्या श्रेणीत. जे-लीग ही जपानची व्यावसायिक लीग सुरू व्हायची होती, त्यात या गावाला जागा मिळणं जवळपास अशक्य मानलं जात होतं. पंधरा हजार प्रेक्षकांचं छप्परवालं स्टेडियम बांधा, मग बघू, असं सांगितलं गेलं. त्यांनी खरंच बांधलं. १९९१ मध्ये अडतीस वर्षांचा झिको, क्रीडा सचिवपद सोडून, तिथं खेळायला आला.

१६ मे १९९३. काशिमा अँटलर्सचा जे-लीगमधला पहिला सामना, समोर नागोया ग्रॅम्पस, गॅरी लिनेकरचा संघ. ५-० आणि झिकोची हॅटट्रिक. वय चाळीस.

इथले लोक त्याला "साक्का नो कामिसामा" म्हणतात. फुटबॉलचा देव. ते फक्त गोलांसाठी नाही. एका कंपनीच्या हौशी संघाला व्यावसायिक म्हणजे काय हे त्यानं शिकवलं. क्लबमध्ये आजही तीन शब्द त्याचा वारसा म्हणून सांगितले जातात. निष्ठा, प्रामाणिकपणा, आदर. आज काशिमा हा जपानमधला सर्वाधिक करंडक जिंकलेला क्लब आहे. गाव अजून छोटंच आहे. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे.

मला त्याच्याबद्दल आंधळं प्रेम नाही. १९९४ च्या जानेवारीत वेर्दी कावासाकीविरुद्ध अजिंक्यपदाच्या सामन्यात पेनल्टीच्या चेंडूवर थुंकल्याबद्दल त्याला बाहेर काढलं होतं. आदर शिकवणाऱ्या माणसाला हे शोभलं नाही. पण जपानी लोकांनी तेही लक्षात ठेवलं आणि तरी पुतळा उभा केला.

रंकाळा, तुमच्या मुद्द्यावर नंतर लिहितो. ऑफिसला उशीर होतोय.

---

स्वरदा_नाशिक

सुंदर चर्चा. एक प्रश्न आहे. झिकोनं भारताविरुद्ध कोच म्हणून सामना खेळला आहे ना? मला पुसटसं आठवतंय.

---

साइतामाकर

हो. २००६ वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत जपान आणि भारत एकाच गटात होते. ९ जून २००४ ला साइतामात ७-०, आणि ८ सप्टेंबरला कोलकात्याला सॉल्ट लेकवर ४-०. दोन्ही जपाननं जिंकले. त्यानंतर दहा वर्षांनी तोच माणूस भारतात क्लबचा कोच म्हणून आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भारतीय फुटबॉल कुठे आहे हे त्यानं समोरच्या बाकावरून पाहिलं होतं. तरी आला.

आता रंकाळा यांचा मुद्दा. २००२ मध्ये झिकोनं जपानची सूत्रं घेतली त्याआधी फिलिप त्रूसिए होता. त्रूसिए म्हणजे कडक मास्तर. बचावफळी किती पावलं पुढे, किती मागे, सगळं आखलेलं. झिको आला आणि म्हणाला, तुम्ही खेळाडू आहात, मैदानात तुम्ही ठरवा. नाकाता, नाकामुरा, ओनो, इनामोतो या चौघांना त्यानं मध्यफळीत एकत्र उतरवलं. १९८२ च्या ब्राझीलची आठवण व्हावी असं. इथल्या वर्तमानपत्रांनी चार वर्षं त्याला सोललं. डावपेच नाहीत, आखणी नाही.

पण २००४ चा आशिया चषक आठवा. चीनमध्ये. नाकाता नाही, ओनो नाही, इनामोतो नाही, ताकाहारा नाही. प्रत्येक सामन्यात जपानविरुद्ध हुर्यो. उपांत्यपूर्व फेरीत जॉर्डनविरुद्ध शूटआऊट, ठिपक्याजवळची जमीन भुसभुशीत, नाकामुरा आणि सांतोस दोघेही घसरून हुकले. तेव्हा कप्तान मियामोतो पंचांकडे गेला आणि दुसऱ्या बाजूच्या गोलवर किक घेऊ द्या असं पटवून आला. मधेच गोल बदलला! मग कावागुचीनं एकामागून एक अडवल्या आणि जपान जिंकला. उपांत्य फेरीत बहारीनविरुद्ध दहा जणांनी, ९०व्या मिनिटाला नाकाझावाचा बरोबरीचा हेडर, जादा वेळेत तामादा, ४-३. फायनलला बीजिंगमध्ये चीनला ३-१.

मियामोतोनं बाकाकडे बघून परवानगी मागितली नाही. "तुम्ही ठरवा" या वाक्याचं फळ ते. म्हणजे शेवटच्या मिनिटांत झिकोचे संघ फक्त हरलेच, हे खरं नाही.

---

रंकाळा

साइतामाकर, हे मला माहीत नव्हतं. मधेच गोल बदलला ही गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

पण मग कैझरस्लाऊटर्नला काय झालं? तिथंही खेळाडूंनीच ठरवायचं होतं ना?

---

साइतामाकर

तेच झालं. त्यांचं एकमत नव्हतं. ७९व्या मिनिटाला आघाडीवीर यानागिसावाला काढून ओनोला आणलं. काहींना वाटलं चेंडू आपल्याकडे ठेवायचा आहे, काहींना वाटलं दुसरा गोल मारायचा आहे, मागचे खाली सरकत गेले. ऊन प्रचंड होतं. मधे मोठी पोकळी पडली आणि केहिल दोनदा, अलोइसी एकदा. आठ मिनिटांत तीन. मग क्रोएशियाशी ०-०, आणि ब्राझीलशी १-४. स्वतःच्याच देशाविरुद्ध, जपानचा कोच म्हणून शेवटच्या सामन्यात.

त्या दिवशी एक स्पष्ट आदेश हवा होता. तो आला नाही. तिथं मी तुमच्याशी सहमत आहे.

---

बॉस्फोरस

इस्तंबूलमध्ये काही वर्षं शिकायला होतो, म्हणून फेनरबाह्चेबद्दल लिहितो. सगळे राष्ट्रीय संघावर भांडताय, पण क्लब कोच म्हणून त्याचं सगळ्यात चांगलं काम तिथलं आहे.

२००६ ला आला. २००७ हे क्लबचं शंभरावं वर्ष आणि त्याच मोसमात लीग जिंकली. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत. सेव्हियाविरुद्ध घरी ३-२, तिकडे २-३, आणि शूटआऊटमध्ये वोल्कान देमिरेलनं तीन अडवल्या. मग कादिकॉयला, म्हणजे फेनरबाह्चेच्या घरी, चेल्सी. देईविदनं आधी स्वतःच्याच जाळ्यात मारला, आणि नंतर लांबून असा गोळा सोडला की २-१. परतीच्या सामन्यात लंडनला ०-२, पण त्या रात्री कादिकॉयचे रस्ते पहाटेपर्यंत जागे होते. त्या संघात आलेक्स होता, रोबेर्तो कार्लोस होता. ब्राझिलियनांना हवा तसा वाव आणि तुर्की पोरांवर विश्वास. "डावपेच नाहीत" म्हणणाऱ्यांनी सेव्हियाचे ते दोन सामने बघावेत.

---

दहानंबरी

त्यानंतरचा प्रवास धावता सांगतो. ताश्कंदला बुन्योदकोर, उझबेक लीग आणि कप दोन्ही. मग सीएसकेए मॉस्को, रशियन कप. ऑलिंपियाकोसला काही महिने. फ्लामेंगोत संचालक म्हणून परतला, तेही काही महिन्यांत संपलं. २०११ ला इराकचा राष्ट्रीय संघ, २०१२ च्या शेवटी राजीनामा, कारण करार पाळला गेला नाही. मग कतारमध्ये अल घराफा. कुठेच फार काळ नाही.

माझा आक्षेप यावर आहे. दोन वर्षांच्या आत सोडलेल्या संघांवरून कोचचं मोजमाप करता येत नाही. काशिमात तो दीर्घकाळ होता आणि तिथं संस्था उभी राहिली. गोव्यात तीन मोसम होता, म्हणून गोव्याचंच बोला.

---

साइतामाकर

इराकवरून एक. ११ सप्टेंबर २०१२ ला इराकचा कोच म्हणून तो साइतामात आला होता, जपानविरुद्ध वर्ल्डकप पात्रता सामना. मी स्टेडियमात होतो. जपान १-० नं जिंकला. आमच्या शेजारची जपानी मंडळी समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे बघून हात जोडत होती.

---

मांडवीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. देव बरें करूं. दहानंबरी म्हणतात तसं गोव्याचंच बोलतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०१४ ला पहिला सामना फातोर्डाला, चेन्नईयिनविरुद्धच. हरलो. सुरुवातीला इतके वाईट खेळलो की लोक म्हणायला लागले, नाव मोठं लक्षण खोटं. मग संघ लागला. रोबेर पिरेस, आंद्रे सांतोस, मागे आर्नोलिन, आणि बाजूंनी आमची पोरं रोमिओ फर्नांडिस, मंदार राव देसाय. दुसऱ्या क्रमांकावर आलो. कोलकात्याबरोबर उपांत्य फेरी दोन्ही सामने ०-०, मग शूटआऊटला फातोर्डावर हरलो. २०१५ ला साखळीत अव्वल, नोव्हेंबरात मुंबई सिटीला ७-०, दुदू आणि हाओकिप दोघांच्याही हॅटट्रिक. मुंबईकर वाचक असतील तर माफ करा, पण असला फुटबॉल मी फातोर्डावर आधी पाहिला नव्हता, नंतरही फार थोडा पाहिला.

रोमिओला त्यानं ब्राझीलला पाठवायला मदत केली, कुरितिबाच्या आत्लेतिको परानाएन्सेकडे. आसोळण्याचा पोर ब्राझीलच्या क्लबचा शर्ट घालतोय, हा फोटो आमच्या चहाच्या टपरीवर चिकटवला होता. मंदार पुढे मुंबई सिटीकडून २०२१ मध्ये आयएसएलची शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकला.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडच्या जुन्या पिढीतले काही जण अजून घरात पोर्तुगीज बोलतात. मडगावला सामन्यानंतर सत्तरीतले दोघे त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलत उभे होते, दुभाषा नाही, मधे कुणी नाही. तो थांबला, ऐकत राहिला. फिफाच्या अध्यक्षपदाला उभं राहायची घोषणा केलेला माणूस, हो, २०१५ मध्येच. पाच देशांचा पाठिंबा मिळाला नाही म्हणून ते राहिलं.

---

रंकाळा

मांडवीकाठ, फायनलच्या त्या पाच मिनिटांत तुम्ही बाकाकडे पाहिलं होतं का? तो काय करत होता? मला तेवढंच जाणून घ्यायचं आहे.

---

मांडवीकाठ (धागाकर्ता)

पाहिलं होतं. जोफ्रेच्या गोलनंतर सगळे नाचत होते. तो रेषेवर उभा होता. दोन्ही तळवे खाली करून शांत व्हा, शांत व्हा, असं करत होता. म्हणजे त्याला धोका दिसत होता. तरी मागे या, असं त्यानं हातानं सांगितलेलं मी पाहिलं नाही. तुमचा मुद्दा इथं लागू होतो, हे मान्य करतो. एक आदेश, आणि कदाचित कप आमचा होता.

२०१६ चा मोसम वाईट गेला. आठात आठवे. त्याच वर्षी आमचे तीन जुने क्लब, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले होते. गोव्यात फुटबॉलवर बोलायला कुणाला उत्साह नव्हता. शेवटचा सामना १ डिसेंबरला, फातोर्डाला, पुन्हा चेन्नईयिन. स्टेडियम अर्धं रिकामं. मी गेलो, कारण हा त्याचा शेवटचा सामना असेल असं वाटत होतं, आणि तसंच झालं. जानेवारीत त्यानं क्लब सोडला.

त्या सामन्यात कुणालाच काही मिळवायचं नव्हतं. ४-४ झालं होतं. दोन्ही संघ थांबले असते तर कुणी दोष दिला नसता. भरपाई वेळ सुरू झाली तरी आमचे नऊ जण चेन्नईच्या अर्ध्यात होते. आणि साहिल तावोरा, आमचा गोंयचा पोर, त्यानं शेवटच्या क्षणी पाचवा मारला. ५-४.

मी तेव्हाही बाकाकडे पाहिलं. या वेळी तो तळवे खाली करत नव्हता. दोन्ही हात वर होते.